आकाशांतील खाण आणि घोडेगांवचा पैसा

घरांतील पैशाविषयीं चार माणसांत बोलूं नये, असा आमच्या घराण्याचा जुना दंडक आहे. तो मोडून आम्ही हें लिहीत आहों, याचें कारण एवढेंच कीं, गेल्या दिवाळींत आमच्या ओसरीवर जो वाद झाला तसा वाद आज ना उद्यां पुष्कळ घरांत होईल असें आम्हांस दिसतें. आणि ज्या विषयावरून तो झाला तो विषय आमच्या वडिलांना स्वप्नांतही सुचला नसता. वाद आकाशांतील खाणींचा होता.

हकीकत अशी. आमचें मूळचें घर आंबेगांवचें. तें जुनें गांव डिंभें धरणाच्या पाण्याखालीं गेलें. त्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू सागर असें नांव आहे. बाबू गेनूही याच तालुक्यांतले, म्हाळुंगे पडवळचे. आमचा वाडा, ओटा व अंगणांतील तुळशीवृंदावन, सर्व त्या पाण्यांत आहे. एखाद्या कडक उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें म्हणजे आमचे दादा, म्हणजे थोरले बंधू, कांठावर उभे राहून बोटानें दाखवितात, "तें आपलें माजघर." आम्हांला तेथें चिखलाखेरीज कांहीं दिसत नाहीं, पण आम्ही तसें म्हणत नाहीं.

गांव उठल्यावर आम्ही जुन्नरास येऊन राहिलों. वडिलांना भरपाईची जी रक्कम मिळाली तिच्यांतील निम्मी त्यांनीं पुढें सागवानाच्या लागवडीच्या एका योजनेंत घातली. १९९० नंतरच्या दशकांत अशा योजनांचें मोठें पीक आलें होतें. आज रोप लावा, वीस वर्षांनीं सोनें तोडा, असा त्यांच्या छापील पत्रकांचा सूर असे. झाड आम्हीं कधीं पाहिलें नाहीं आणि पैसाही पुन्हां पाहिला नाहीं. त्या मंडळीचें नांव आम्ही येथें घेत नाहीं. वडिलांनींही तें मरेपर्यंत घरांत घेतलें नाहीं. राहिली होती ती घोडेगांवची दोन एकर जमीन. ती गतवर्षीं विकली. आलेला पैसा अविभक्त कुटुंबाचा, म्हणून तो एकत्र ठेवलेला आहे. आणि त्याच्याकडे डोळे लावून धाकट्या पुतणीचें वैद्यकीचें शिक्षण, आत्याबाईंच्या गुडघ्यांचें शस्त्रकर्म आणि गळणारें छप्पर अशीं तीन कामें बसलेलीं आहेत.

अशा स्थितींत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीं आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं फराळाच्या ताटावर विषय काढला. हे चिरंजीव पुण्यास संगणकाच्या कचेरींत नोकरीस आहेत. बुद्धीनें तल्लख, स्वभावानें निर्मळ. परदेशांतील एक नवी मंडळी लघुग्रहांवर खाणी खणण्यासाठीं भांडवल जमवीत आहे, ओळखीच्या एका गृहस्थांमार्फत आपल्यालाही तींत भाग घेतां येईल, तरी घोडेगांवच्या पैशांतून दहा लक्ष रुपये त्यांत घालावे, अशी त्यांची सूचना होती.

"काका, सायकी नांवाचा एक लघुग्रह आहे. त्यांतल्या धातूची किंमत किती आहे ठाऊक आहे? एकावर एकोणीस शून्यें, इतके डॉलर!"

हा आंकडा वर्तमानपत्रांतून पुष्कळ फिरलेला आहे, तेव्हां चिरंजीवांना दोष देतां येत नाहीं. दादांनीं करंजीचा तुकडा मोडीत विचारलें, "गिऱ्हाईक कोण?" यावर चिरंजीव जरा घुटमळले. आत्याबाई म्हणाल्या, "सागाला तरी गिऱ्हाईक होतें." मग सगळेच गप्प झाले. शेवटीं असें ठरलें कीं, आम्हीं या प्रकरणाचा हिशेब करावा आणि तो झाल्यावर दादांनीं निर्णय द्यावा. घरच्या जमाखर्चाची वही पंचवीस वर्षें आमच्या हातीं आहे, म्हणून हें काम आमच्याकडे आलें; ज्योतिःशास्त्रांतला आमचा अधिकार पंचांगापुढें जात नाहीं हें आधींच कबूल करतों.

हिशेबास आरंभ केला तो नाणेघाटांत. एका रविवारीं चिरंजीवांनीं आम्हांला गाडींतून घाटघरच्या वाटेनें तेथें नेलें. हेतु सहलीचा होता. पण गुहेंत शिरून भिंतीवरच्या त्या ब्राह्मी ओळींसमोर उभे राहिलों, तेव्हां आम्हांला आमचा विषय सांपडला. सातवाहनांच्या राणी नागनिकेचा तो लेख. यज्ञ किती केले, दक्षिणा काय दिली, गाई किती, घोडे किती, कार्षापण किती, याचे आंकडे दोन हजार वर्षें दगडांत राहिले आहेत. जवळच राजकुलांतल्या माणसांच्या मूर्ति होत्या; त्यांचीं आतां पावलांचीं खुणेपुरतीं अवशेषें उरलीं. बाहेर तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें लोक सांगतात. माणसें गेलीं, हिशेब राहिला, असें आमच्या मनांत आलें आणि, खरें सांगावयाचें तर, जमाखर्च ठेवणाऱ्याला जरा बरें वाटलें.

कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून आलेला माल या घाटानें जुन्नरास चढत असे. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत, ते उगीच नाहींत. पण कोणता माल चढे? बैलाच्या पाठीवर जेवढें मावेल तेवढेंच. त्यांत बैलाच्या चाऱ्याचा, माणसाच्या शिध्याचा आणि जकातीचा खर्च निघून वर नफा राहिला पाहिजे. म्हणजे मालाचें मोल खाणींत किंवा शेतांत ठरत नाहीं, वाटेवर ठरतें. हें आम्हां जुन्नरकरांना कोणीं शिकवावयास नको. नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोचा भाव पडला म्हणजे क्रेटचें भाडेंही सुटत नाहीं आणि चांगला लालबुंद माल रस्त्याच्या कडेला ओततात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

आतां आकाशाची वाट पाहूं. तिच्यांत एक विशेष अडचण आहे. घाटांतल्या बैलाला वाटेंत गवत मिळे; अग्निबाणाला वाटेंत कांहीं मिळत नाहीं. त्यानें सगळा चारा पाठीवर घेऊन निघावयाचें. जास्त चारा घेतला कीं तो चारा वाहून नेण्यासाठीं आणखी चारा लागतो. आपल्याच चांद्रयान-३ चें उदाहरण घ्या. १४ जुलै २०२३ रोजीं जो अग्निबाण उडाला त्याचें वजन ६४० टनांच्या घरांत होतें. त्यांत चंद्राकडे निघालेलें यान सुमारें ३,९०० किलोचें. त्यांतला खालीं उतरणारा विक्रम सुमारें पावणेदोन टनांचा, आणि त्याच्या पोटांतून २३ ऑगस्टला बाहेर पडलेली प्रज्ञान गाडी फक्त २६ किलोची. ६४० टन निघाले आणि एका पोत्याच्या निम्म्या वजनाची गाडी चंद्राच्या मातीवर फिरली. सर्व खर्च सुमारें ६१५ कोटी रुपये आला आणि जगांत तो स्वस्त म्हणून वाखाणला गेला. तो खरोखरच स्वस्त होता. आणि लक्षांत ठेवा, त्यांतलें कांहींच परत यावयाचें नव्हतें.

परत आणण्याचा हिशेब निराळा. १९६९ ते १९७२ या काळांत अमेरिकेच्या सहा अपोलो मोहिमांनीं मिळून चंद्रावरून ३८२ किलो दगडमाती आणली. चीनच्या यानांनीं २०२० मध्यें १,७३१ ग्रॅम आणि २०२४ मध्यें चंद्राच्या पलीकडच्या बाजूनें १,९३५ ग्रॅम आणली. लघुग्रहांची गोष्ट याहून लहान आहे. जपानच्या दुसऱ्या हायाबुसानें २०२० मध्यें र्‍यूगूवरून ५.४ ग्रॅम आणले, म्हणजे वहिनींच्या नथीएवढें वजन. अमेरिकेचें ओसायरिस-रेक्स २०१६ मध्यें निघालें, बेन्नू नांवाच्या लघुग्रहाला गेलें आणि २०२३ च्या सप्टेंबरांत १२१.६ ग्रॅम घेऊन आलें. खर्च शंभर कोटी डॉलरांच्या वर. म्हणजे एका ग्रॅमला ऐंशी लक्ष डॉलरांहून अधिक पडले. सोन्याच्या ग्रॅमचा भाव मात्र शेंकड्यांच्या डॉलरांत मोजतात. शास्त्रज्ञांना त्या मातीचें मोल सोन्यापेक्षां अधिक आहे हें आम्ही जाणतों. पण आमच्यापुढें प्रश्न सराफाचा होता. या मोहिमेंतली एक गोष्ट आमच्या वहिनींना फार आवडली. पेटी पृथ्वीवर आल्यावर तिच्या झांकणाचे दोन मळसूत्री खिळे निघेनात आणि खास हत्यार घडवून ते काढीपर्यंत २०२४ चा जानेवारी उजाडला. "आमच्या लोणच्याच्या बरणीचें असेंच होतें," त्या म्हणाल्या.

हा सर्व हिशेब आम्हीं मार्गशीर्षांत चिरंजीवांपुढें ठेवला. ते शांतपणें ऐकून म्हणाले, "काका, तुम्ही जुनी भाडेपट्टी लावतां." त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. अमेरिकेचें शटल २०११ मध्यें बंद झालें. त्यांतून एक किलो वजन पृथ्वीभोंवतालच्या कक्षेंत चढवावयास सुमारें ५४,५०० डॉलर पडत. फाल्कन-९ या अग्निबाणाच्या जाहीर दरानें तोच खर्च सुमारें २,७०० डॉलरांवर आला, कारण त्याचा खालचा भाग परत येऊन पुन्हां उडतो. बैल एका खेपेला मारून टाकावयाचा नाहीं, एवढी साधी गोष्ट कळावयास माणसाला साठ वर्षें लागलीं! भाडें वीसपट उतरलें असेल तर आणखी उतरणार नाहीं असें म्हणावयास आम्ही कोण? हा मुद्दा आम्हीं वहींत त्यांच्या बाजूस जमा केला.

पण भाडें उतरलें तरी बाजार उरतो. जगांतल्या सगळ्या खाणींतून वर्षाला प्लॅटिनम निघतें पावणेदोनशें टनांच्या आसपास. त्यांत एखाद्या मंडळीनें वरून आणखी पांचशें टन ओतलें तर भाव राहील काय? जो माल दुर्मिळ म्हणून महाग, तोच भरपूर आणून महागच विकूं, असें म्हणणें म्हणजे नारायणगांवच्या टोमॅटोचा आषाढांतला भाव धरून सबंध वर्षाचें उत्पन्न मांडण्यासारखें आहे. एकावर एकोणीस शून्यांचा तो आंकडा असाच निघालेला आहे. शिवाय सायकी सगळा धातूचाच आहे असें आतां ज्योतिषीही म्हणत नाहींत. त्यांत दगडही पुष्कळ मिसळला असावा असें घनतेच्या नव्या मापांवरून दिसतें. तिकडे अमेरिकेचें यान २०२३ मध्यें निघालें आहे, २०२९ मध्यें पोंचावयाचें आहे, आणि तें पाहण्यासाठीं जात आहे, खणण्यासाठीं नाहीं.

दादांची शंका वेगळीच होती. "त्या धोंड्याचा सातबारा कोणाच्या नांवें?" ज्याचें गांव सरकारनें घेतलें त्याला ही शंका आधीं सुचावी हें साहजिक आहे. १९६७ च्या करारानें चंद्र किंवा दुसरा कोणताही आकाशस्थ गोल कोणत्याही राष्ट्राला आपला म्हणतां येत नाहीं. पण २०१५ मध्यें अमेरिकेनें आणि २०१७ मध्यें लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशानें कायदे करून ठेवले कीं, जमीन कोणाची नसली तरी उकरलेला माल उकरणाऱ्याचा. भारतानें २०२३ च्या जूनमध्यें आर्टेमिस करारावर सही केली, त्यांतही असा माल काढणें १९६७ च्या कराराविरुद्ध नाहीं असाच अर्थ धरला आहे. दादा म्हणाले, "म्हणजे वाळूचा लिलाव." उपमा वाईट नाहीं.

चिरंजीवांचा खरा मुद्दा मात्र अजून यावयाचा होता, आणि तो त्यांनीं आमच्याच नाणेघाटांतून काढला. "काका, महाग मालच घाट चढे असें तुम्ही म्हणतां. मग मीठ कसें चढलें? कोंकणांत मिठाला काय किंमत? पण वर मीठ नव्हतें, म्हणून चढलें. आकाशांतला माल पृथ्वीवर आणावयाचाच कशाला? पाणी तिथेंच काढावयाचें आणि तिथेंच विकावयाचें."

आम्हीं चष्मा काढून पुसला. हें आमच्या हिशेबांत नव्हतें. चंद्रावर पाण्याचे अंश आहेत हें दाखविण्यांत आपल्या चांद्रयान-१ चा मोठा भाग होता. २००९ मध्यें तें जाहीर झालें. ध्रुवांजवळच्या ज्या विवरांत ऊन कधींच पोंचत नाहीं तेथें बर्फ आहे. पाणी फोडलें कीं हायड्रोजन व प्राणवायु, म्हणजे अग्निबाणाचा चारा. वाटेंत गवत उगवलें तर बैलाला सगळें ओझें घरून न्यावें लागणार नाहीं. तेथील विवरांत थंडी उणें दोनशें अंशांच्या आसपासची असली, तेथें कोणतें यंत्र किती दिवस टिकेल हा प्रश्न असला, तरी विचार म्हणून हा सरळ आहे. मंगळावर तर असा एक लहानसा प्रयोग होऊनही गेला. २०२१ ते २०२३ या काळांत पर्सिव्हिअरन्स गाडींतल्या मॉक्सी नांवाच्या यंत्रानें तेथल्या हवेंतून सोळा खेपांत मिळून १२२ ग्रॅम प्राणवायु काढला. बेन्नूच्या मातीशीं हें वजन इतकें जुळतें कीं, वही लिहितांना आम्हांला आधीं आपलीच चूक झाली असें वाटलें.

आम्हीं चिरंजीवांना एवढेंच विचारलें, "अरे, मीठ वर चढलें तेव्हां घाटावर मीठ खाणारीं माणसें किती होतीं? लाखों. आज आकाशांत पाणी पिणारीं माणसें किती?"

"दहा-बारा," ते म्हणाले आणि हंसले. मग म्हणाले, "पण होतील."

होतीलही. प्रश्न तेवढाच आहे: होईपर्यंत धीर कोणाच्या पैशानें धरावयाचा? ज्यांनीं हा धंदा पहिल्यानें थाटला त्यांचें काय झालें तेंही आम्हीं शोधलें. प्लॅनेटरी रिसोर्सेस या मंडळीचा २०१२ मध्यें मोठा गाजावाजा झाला, पाठीशीं गडगंज माणसें होतीं. २०१८ मध्यें ती दुसऱ्याच धंद्यांतल्या एका मंडळीनें विकत घेतली. डीप स्पेस इंडस्ट्रीजही पुढच्याच वर्षाच्या आरंभीं विकली गेली. दोघांनींही कोणत्याही लघुग्रहाला हात लावला नाहीं. ॲस्ट्रोफोर्ज या नव्या मंडळीचें ओडिन नांवाचें यान २०२५ च्या फेब्रुवारींत निघालें, आणि थोड्याच वेळांत त्याच्याशीं बोलणें तुटलें. हीं माणसें लबाड होतीं असें आम्ही म्हणत नाहीं. सागवानवाल्यांच्या पंक्तीला त्यांना बसविणें अन्यायाचें होईल. ज्याच्याजवळ गमवावयास शंभर कोटी आहेत त्यानें असा डाव मांडावा, त्यानेंच जग पुढें जातें. आमच्याजवळ गमवावयास आत्याबाईंचे गुडघे आहेत.

फेब्रुवारीच्या २८ तारखेस, विज्ञानदिनीं, खोडदची मोठी दुर्बीण लोकांना दाखवितात. यंदा आम्ही सगळे गेलों, आत्याबाईसुद्धां. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अशा तीस थाळ्या. चौदा एकत्र, बाकीच्या तीन वाटांनीं पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनीं ही उभारली. २०२० मध्यें ते वारले. थाळीखालीं उभ्या राहून वहिनी म्हणाल्या, "ही तर चाळण आहे." खरोखर ती बारीक पोलादी तारांची जाळीच आहे. ज्या लांब लहरी तिला पकडावयाच्या असतात त्यांना एवढीं लहान छिद्रें जाणवत नाहींत, आणि वारा मात्र आरपार जातो. वाऱ्याचा दाब कमी, म्हणून पोलाद कमी, म्हणून खर्च कमी. मोठ्या देशांना जमली नाहीं एवढी मोठी दुर्बीण टोमॅटोच्या शेतांमध्यें उभी राहिली ती या काटकसरीनें. जमाखर्चाच्या वहीचा इतका सुंदर उपयोग आम्हीं दुसरीकडे पाहिलेला नाहीं.

तेथें एक गोष्ट ऐकली. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं युरोपचें शियापारेली यान मंगळावर उतरत होतें, तेव्हां त्याचा क्षीण संदेश या जाळीनें पकडला होता. उतरण्याच्या थोडें आधीं तो बंद पडला. यान आपटून फुटलें होतें. इतक्या कोटींचें यंत्र तिकडे कोसळलें, आणि तें येथें खोडदला, कांद्याच्या वाफ्यांच्या पलीकडे बसलेल्या माणसांना ऐकूं आलें. चिरंजीव त्यानंतर बराच वेळ कोणाशीं बोलले नाहींत. परततांना गाडींत एवढेंच म्हणाले, "काका, ती वही मला एकदां द्या."

वही चार दिवस त्यांच्याकडे होती. ती परत आली तेव्हां हेलियम-३ च्या पानावर पेन्सिलीची खूण होती. चंद्राच्या मातींत हा वायु अब्जांश मापानें असतो. अब्जांत दहा भाग धरले तर एक किलोसाठीं किती माती भाजावी लागेल तें आम्हीं दहा लाख टन लिहिलें होतें. बरोबर उत्तर एक लाख टन. शेजारीं चिरंजीवांनीं लिहिलें होतें: "काका, एक शून्य जास्त." खालीं दुसरी ओळ होती: "तरीही नको. शस्त्रकर्माची तारीख घ्या."

आम्हीं तें शून्य खोडलें आणि दादांना वही दाखविली. आत्याबाईंचें शस्त्रकर्म वैशाखांत ठरलें आहे. उरलेल्या रकमेंतून एक लक्ष रुपये चिरंजीवांच्या स्वतंत्र नांवें टाकावे, त्यांचें त्यांनीं वाटेल तें करावें, असें दादांनीं आपण होऊन सुचविलें. चिरंजीवांनीं अजून होकार दिलेला नाहीं.